यॉर्कशायर कप, १९०७ : हन्सलेटच्या चार करंडकांतला धाकटा

शनिवार, २१ डिसेंबर १९०७. लीड्स शहरातलं हेडिंग्लेचं मैदान. रग्बीच्या यॉर्कशायर कपाच्या अंतिम सामन्यात हन्सलेटने हॅलिफॅक्सला १७-० असं हरवलं.

आपल्याकडे हेडिंग्ले म्हटलं की १९८६ ची कसोटी आणि दिलीप वेंगसरकरची नाबाद १०२ धावांची खेळी आठवते. त्याच क्रिकेटच्या मैदानाला खेटून रग्बीचं मैदान आहे आणि ही हकीकत तिथली आहे. रग्बी लीग या तेरा जणांच्या रग्बीच्या इतिहासात हन्सलेटचं नाव आदराने घेतात, पण ते सहसा या सामन्यासाठी नाही. त्यानंतरच्या पाच महिन्यांत या क्लबने यॉर्कशायर लीग जिंकली, चॅलेंज कप ही सगळ्या क्लबांची बाद स्पर्धा जिंकली आणि शेवटी सगळ्या लीगचं अजिंक्यपदही घेतलं. एका मोसमात मिळण्यासारखे होते तेवढे चारही करंडक एकाच घरात गेले. इंग्लंडच्या उत्तरेत याला ‘ऑल फोर कप्स’ म्हणतात आणि हे साधलेले संघ तीनच : १९०७-०८ चा हन्सलेट, १९१४-१५ चा हडर्सफिल्ड आणि १९२७-२८ चा स्विंटन.

या चार करंडकांत कौंटीचा, म्हणजे एकाच परगण्यातल्या क्लबांचा, यॉर्कशायर कप सगळ्यांत धाकटा. बक्षीस मोठं नाही, प्रतिस्पर्धी आपल्याच कौंटीतले, आणि नाताळच्या आत सगळं आटोपलेलं. म्हणून हन्सलेटची गोष्ट सांगताना बहुतेक जण त्याचा एका ओळीत उल्लेख करतात आणि एप्रिल-मेच्या सामन्यांकडे वळतात. मला हे पटत नाही. चार करंडकांचं गणित मांडून बसलं की ते सगळ्यांत आधी या धाकट्या कपापाशीच अडतं.

कप आला कुठून

उत्तर इंग्लंडमधल्या वीसेक रग्बी क्लबांनी २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफिल्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक घेऊन वेगळी चूल मांडली. भांडण पैशाचं होतं, पण रक्कम ऐकली तर आज नवल वाटेल. शनिवारी सामन्यासाठी पाळी बुडवणाऱ्या कामगाराला बुडालेल्या मजुरीपोटी दिवसाला सहा शिलिंगपर्यंत भरपाई द्यावी, एवढीच मागणी. लंडनमधल्या रग्बी युनियनला तेवढंही मान्य नव्हतं. खेळ हौसेचाच हवा, असं म्हणणारे बहुतेक जण ज्यांची मजुरी कधी बुडतच नसे अशा घरांतले होते. त्या बैठकीतून नॉर्दर्न युनियन जन्माला आली. पुढे तिचंच नाव रग्बी लीग झालं. हन्सलेट हा तिच्या संस्थापक क्लबांपैकी एक.

पुढची दहा वर्षं या नव्या खेळाने चाचपडत काढली. १८९७ मध्ये रेषेबाहेर गेलेला चेंडू रांगेत उभं राहून झेलायची लाइन-आउट पद्धत काढून टाकली आणि प्रत्येक गोलाला दोन गुण ठरवले. १८९८ मध्ये उघडपणे मानधन द्यायला परवानगी मिळाली, पण खेळाडूकडे दुसरी कायमची नोकरी असलीच पाहिजे अशी अट घातली. ती अट १९०५ मध्ये गेली. त्याच वर्षी दोन विभागांत वाटलेली लीग एकत्र करून एकच लांबलचक यादी केली गेली, आणि त्याच वर्षी लँकशायर आणि यॉर्कशायर या दोन कौंट्यांसाठी दोन नवे बाद पद्धतीचे कप सुरू झाले.

यॉर्कशायरला बाद पद्धतीचं वेड जुनंच होतं. नॉर्दर्न युनियनच्या कितीतरी आधी, १८७७ पासून, रग्बी युनियनच्या छत्राखाली तिथे एक कौंटी कप खेळला जाई. लोक त्याला प्रेमाने ‘टाउड टिन पॉट’ म्हणत. आपल्या भाषेत ‘जुनं पत्र्याचं भांडं’. गिरणीगावांतली माणसं या भांड्यासाठी आगगाड्या भरभरून परगावी जात. फूट पडल्यावर ते रग्बी युनियनकडे राहिलं. १९०५ चा नवा यॉर्कशायर कप म्हणजे त्या भांड्याची जागा भरून काढणं होतं, असं मला वाटतं. शिवाय खेळाडूंना पैसे द्यायचे तर ते दारावरच्या तिकिटांतूनच येणार, आणि हरलो तर बाहेर ही भीती असली की तिकिटं खपतात.

पहिल्याच वर्षी हन्सलेटने हा नवा कप घेतला. २ डिसेंबर १९०५ ला ब्रॅडफर्डच्या पार्क अ‍ॅव्हेन्यूवर त्यांनी हॅलिफॅक्सला १३-३ असं हरवलं. लँकशायरच्या बाजूला मात्र पहिला अंतिम सामना विगन आणि ली यांच्यात ०-० असा सुटला. तो पुन्हा खेळावा लागला आणि दुसऱ्या खेपेला विगनने ८-० असा जिंकला.

त्या शून्य-शून्यकडे जरा थांबून बघायला हवं. तेव्हा दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू असत. आठ-आठ फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतले रेटारेटी करणारे गडी, एकमेकांत अडकले की मैदानाच्या मध्यावर माणसांचा ढिगारा व्हायचा. चेंडू त्याच्या पोटात, आणि प्रेक्षकाला दिसायच्या फक्त पाठी. कुणी टॅकल झाला, म्हणजे पकडून पाडला गेला, की बहुधा पुन्हा स्क्रम, म्हणजे चेंडूसाठी खांद्याला खांदा लावून रेटारेटी. तिकीट काढून आलेल्या माणसाला दोन तास असलं काही दाखवणं धंद्याला परवडणारं नव्हतं. जून १९०६ मध्ये नॉर्दर्न युनियनने दोन फॉरवर्ड कमी करून संघ तेरा जणांचा केला. टॅकल झालेल्या खेळाडूने उठावं, चेंडू समोर जमिनीवर ठेवावा आणि पायाने खेळता करावा, हा नियमही तेव्हाच आला. आजची रग्बी लीग ओळखू यावी ती इथून पुढे.

हन्सलेट : कारखान्यांचं गाव

हन्सलेट हे लीड्समधल्या एअर नदीच्या दक्षिणेचं उपनगर. नदीच्या उत्तरेला, जरा उंचावर, हेडिंग्ले. तिथे मोकळी घरं आणि झाडं. दक्षिणेला फाउंड्र्या, इंजिनांचे कारखाने, काचेच्या भट्ट्या आणि पाठीला पाठ लावून उभ्या विटांच्या घरांच्या रांगा. १८१२ मध्ये वाफेच्या इंजिनांनी कोळसा ओढणारी मिडलटन रेल्वे इथूनच जात होती. क्लबचं पार्कसाइड मैदान याच वस्तीत होतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकाला हन्सलेट वाटतं तितकं परकं नाही. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली तेव्हा तिची पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेली होती आणि किटसनची एअरडेल फाउंड्री हन्सलेटमध्ये होती. अडीच फुटी रुळांवर कुर्डुवाडीहून बार्शीकडे जाणारी ती गाडी १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली. म्हणजे पार्कसाइडच्या पायऱ्यांवर शनिवारी दुपारी उभ्या असलेल्या माणसांत, वारकऱ्यांना पंढरीला नेणाऱ्या इंजिनांवर हातोडा चालवलेले कुणी ना कुणी असणारच. ही गोष्ट मला आवडते, म्हणून सांगितली. पण त्या प्रेक्षकाचा हात कसला होता हेही त्यातून कळतं.

त्या वस्तीचाच संघ होता. त्याच्या सहा फॉरवर्डांना ‘टेरिबल सिक्स’ म्हणत. हे नाव १९०६ च्या नियमानंतरच पडू शकलं असतं, कारण त्याआधी फॉरवर्ड सहा नसतच, आठ असत. दोन माणसं कमी झाल्यावर उरलेल्या प्रत्येकाला जास्त धावावं लागलं, जास्त ढकलावं लागलं आणि जास्त मार खावा लागला. ज्या संघाकडे वजन आणि दम दोन्ही असलेले सहा जण होते त्याला नवा नियम मानवला. हन्सलेटकडे ते होते. त्यांतला जॉन विली हिग्सन पुढे हडर्सफिल्डकडून १९१४-१५ मध्येही चारही करंडक जिंकला. दोन वेगवेगळ्या क्लबांकडून हे साधलेला तो एकटाच.

मागच्या फळीत बिली बॅटन नावाचा विशीही न गाठलेला मुलगा होता. काही वर्षांनी, १९१३ मध्ये, हल क्लबने त्याच्यासाठी सहाशे पौंड मोजले. तोवर या खेळात एका खेळाडूला एवढी किंमत आली नव्हती.

आणि कप्तान अल्बर्ट गोल्डथॉर्प. जन्म ३ नोव्हेंबर १८७१, म्हणजे या अंतिम सामन्याच्या दिवशी वय छत्तीस. पाच गोल्डथॉर्प भाऊ हन्सलेटकडून खेळले. त्यांतला वॉल्टर या मोसमातही अल्बर्टच्या सोबत होता. अल्बर्ट १८८८ पासून खेळत होता. जुन्या युनियनच्या काळातली रग्बी त्याने पाहिली होती, फूट पाहिली होती, पंधरांचे तेरा होताना पाहिले होते. १८९९ मध्ये चॅलेंज कपाचा अंतिम सामना ओल्डहॅमविरुद्ध ९-१९ असा हरलेल्या संघाचा कप्तानही तोच होता.

त्याचं हत्यार ड्रॉप गोल. हे जवळून बघितल्याशिवाय त्याची अवघडता कळत नाही. चेंडू दोन्ही हातांत उभा धरायचा, टोक खाली. समोरून दोन-तीन जण अंगावर झेपावत असतात. चेंडू हातातून सोडायचा. तो जमिनीला टेकून वर येऊ लागतो त्याच क्षणी बूट त्याला लागला पाहिजे. एवढं जमलं तर दहा फूट उंचीच्या आडव्या दांडीवरून आणि दोन खांबांमधून चेंडू जातो आणि दोन गुण मिळतात. चेंडू कातडी, वादीने आवळलेला. डिसेंबरच्या चिखलात पाणी पिऊन जड झालेला. लंबगोल चेंडू जमिनीवर जरा तिरपा पडला तरी वाटेल तिकडे उसळतो. गोल्डथॉर्प हे पळता पळता, दोन्ही बाजूंनी दबाव असताना करायचा. त्या मोसमात त्याने सगळ्या प्रकारचे मिळून १०१ गोल केले. एका मोसमात शंभर गोल त्याच्याआधी कुणीच केले नव्हते.

एक निकाल, दोन वह्या

१९०७-०८ हा मोसम वेगळा का होता, ते समजायला हिशेबाची पद्धत बघावी लागेल. त्या वर्षी यॉर्कशायर लीग आणि लँकशायर लीग पुन्हा सुरू केल्या गेल्या. एका क्लबने आपल्या कौंटीतल्या क्लबांशी खेळलेले सामने दोन ठिकाणी मोजले जात : एकदा सगळ्या क्लबांच्या मोठ्या तक्त्यात आणि एकदा कौंटीच्या छोट्या तक्त्यात. मोठ्या तक्त्यातले पहिले चार संघ मोसमाच्या शेवटी अजिंक्यपदासाठी बाद फेरी खेळत. त्याशिवाय दोन निखळ बाद स्पर्धा : शरदात कौंटी कप, वसंतात चॅलेंज कप.

म्हणजे चारही करंडक या स्वरूपात एकत्र जिंकता येतील असा हा पहिलाच मोसम होता, आणि हन्सलेटने ते पहिल्याच झटक्यात जिंकले.

आता या चार स्पर्धांत चुकीची किंमत काय पडते ते पाहू. यॉर्कशायर लीगमध्ये एखादा सामना गेला तरी पुढच्या शनिवारी भरून काढता येतो. मोठ्या तक्त्यात पहिल्या चारांत यायचं असतं, पहिलाच नंबर हवा असं नाही. खरं तर त्या वर्षी पहिला ओल्डहॅम होता आणि हन्सलेट दुसरा. चॅलेंज कप बाद पद्धतीचा खरा, पण तो येतो तेव्हा संघाची घडी बसलेली असते, कुठला खेळाडू कुठे शोभतो ते ठरलेलं असतं आणि सगळं गाव त्या कपाकडे डोळे लावून असतं. कौंटी कपात यातलं काहीच नसतं. मोसम नुकता सुरू झालेला, अंग पुरतं मोकळं झालेलं नाही, समोर वर्षानुवर्षांचे शेजारी. त्यांना तुमचा प्रत्येक डाव पाठ असतो आणि लीगमध्ये ते कितीही खाली असले तरी तुम्हाला एका दुपारी पाडण्यात त्यांचं वर्ष सार्थकी लागतं. तेव्हा बदली खेळाडूची सोय नव्हती. ती १९६४ मध्ये आली. दहाव्या मिनिटाला कुणाचा खांदा निखळला तर उरलेला सगळा वेळ बारा जणांनी काढायचा. एक वाईट दुपार, एक दुखापत, आणि चार करंडकांची गोष्ट ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच संपते.

हन्सलेटने त्या मोजक्या शनिवारांत पाय घसरू दिला नाही. अंतिम सामन्यात समोर हॅलिफॅक्स होता. हा काही मिळेल तो संघ नव्हता. १९०३ आणि १९०४ मध्ये लागोपाठ चॅलेंज कप त्यांनी नेला होता आणि काही महिन्यांपूर्वीच, १९०६-०७ च्या मोसमाअखेर, ओल्डहॅमला १८-३ असं हरवून ते अजिंक्यपदाचे मानकरी झाले होते. त्या संघाला हन्सलेटने एक गुणही घेऊ दिला नाही. हॅलिफॅक्सला ना ट्राय (चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं), ना गोल. दोन वर्षांपूर्वी निदान तीन गुण तरी मिळाले होते. सतरा-शून्य या आकड्यात मला सतरापेक्षा शून्य मोठं वाटतं. सगळ्या दुपारभर समोरच्याला दांडीच्या टप्प्यात येऊ न देणं हे फॉरवर्डांचं काम, आणि त्यासाठी सहा जणांनी ऐंशी मिनिटं मान वर केली नसणार.

या सामन्यानंतर महिन्याभरातच, २५ जानेवारी १९०८ ला, याच हेडिंग्लेवर नॉर्दर्न युनियनने दौऱ्यावर आलेल्या न्यूझीलंडला १४-६ असं हरवलं. पैशाच्या रग्बीची वाट धरलेला तो पहिला परदेशी संघ. वेगळी चूल आता समुद्रापलीकडे पेटली होती. हन्सलेटच्या वस्तीला मात्र त्या हिवाळ्यात आपल्या शनिवारांपुढे दुसरं काही दिसत नसावं.

वसंतातले तीन शनिवार

पुढचं बरंच ठाऊक असलेलं आहे, त्यामुळे थोडक्यात. २५ एप्रिल १९०८ ला हडर्सफिल्डच्या फारटाउनवर हन्सलेटने हलला १४-० असं हरवून चॅलेंज कप घेतला. पुन्हा समोरच्याच्या नावापुढे शून्य. यॉर्कशायर लीगही त्यांचीच झाली. उरलं होतं अजिंक्यपद, आणि तिथे गाठ ओल्डहॅमशी.

ओल्डहॅमने त्या वर्षी लँकशायरमध्ये तेच केलं होतं जे हन्सलेटने यॉर्कशायरमध्ये : कौंटीचा कप आणि कौंटीची लीग दोन्ही. मे महिन्यात सॅलफर्डच्या विलोज मैदानावर दोन कौंट्यांचे हे दोन धनी समोरासमोर आले आणि सामना ७-७ असा सुटला. लीगमध्ये असा निकाल लागला तर गुण वाटून घरी जाता येतं. इथे आठवड्याने वेकफिल्डच्या बेल व्ह्यूवर पुन्हा उतरावं लागलं. सप्टेंबरपासून खेळून थकलेल्या, ठेचाळलेल्या अंगांनी आणि छत्तीस वर्षांच्या कप्तानासह हन्सलेटने तो सामना १२-२ असा जिंकला. नऊ वर्षांपूर्वी याच ओल्डहॅमने गोल्डथॉर्पच्या हातातून चॅलेंज कप नेला होता.

धाकट्याची ताकद

कौंटी कपापाशीच गणित अडतं हे मी वर म्हटलं, त्याला आधार हन्सलेटच्या यशात शोधून चालणार नाही. यश मिळाल्यावर सगळंच सोपं दिसतं. तो हडर्सफिल्डच्या फसलेल्या वर्षांत सापडतो.

पहिल्या महायुद्धाआधीच्या हडर्सफिल्डला लोक ‘टीम ऑफ ऑल द टॅलेंट्स’ म्हणत. पुढे हॅरल्ड वॅगस्टाफ हा त्यांचा कप्तान झाला. इतका देखणा संघ या खेळाने फार थोड्या वेळा पाहिला. १९११-१२ मध्ये त्यांनी यॉर्कशायर कप, यॉर्कशायर लीग आणि अजिंक्यपद घेतलं. चॅलेंज कप तेवढा निसटला. पुढच्या मोसमात त्यांनी चॅलेंज कप जिंकला, अजिंक्यपद राखलं, कौंटीची लीगही राखली. आणि या वेळी गेला तो यॉर्कशायर कप. तो जिंकला बॅटलीने, हलला १७-३ असं हरवून. बॅटली हे लोकरीच्या चिंध्या पुन्हा कातून कापड करणाऱ्या गिरण्यांचं छोटं गाव. सगळ्या इंग्लंडला भारी पडलेला संघ घरच्या अंगणातल्या कपात कमी पडला. चारही करंडक घ्यायला हडर्सफिल्डला १९१४-१५ उजाडावं लागलं. त्या वर्षी मात्र यॉर्कशायर कपाच्या अंतिम सामन्यात त्यांनी हलला ३१-० असं धुतलं.

लँकशायरच्या स्विंटनची गोष्टही अशीच. १९२७-२८ मध्ये त्यांनी चार करंडक घेतले, पण लँकशायर कपाचा अंतिम सामना विगनविरुद्ध ५-२ असा, तीन गुणांनी, म्हणजे एका ट्रायच्या फरकाने निघाला. एवढ्याशा अंतरावर सगळं टांगलेलं होतं.

पुढे चारांची जोडणीच मोडली. कौंटीच्या लीग १९७० मध्ये बंद झाल्या. कौंटीचे कप १९९२-९३ पर्यंत टिकले. सामने फार होतात, ही मोठ्या क्लबांची तक्रार शेवटी त्यांच्या मुळावर आली. पार्कसाइड त्याआधीच, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, विकलं गेलं होतं आणि जुना हन्सलेट क्लब १९७३ मध्ये गुंडाळावा लागला. वस्तीतल्या माणसांनी त्याच वर्षी नव्या नावाने तो पुन्हा उभा केला.

१९०८ च्या शरदात मात्र यातलं काही कुणाला दिसत नव्हतं. चारही करंडक हन्सलेटमध्ये होते आणि नवा मोसम नेहमीप्रमाणे कौंटी कपाने सुरू झाला. हन्सलेट पुन्हा अंतिम सामन्यात पोचला. समोर पुन्हा हॅलिफॅक्स, मैदान वेकफिल्डचं बेल व्ह्यू, जिथे काही महिन्यांपूर्वी त्यांनी ओल्डहॅमला हरवून चौथा करंडक उचलला होता. निकाल : हॅलिफॅक्स ९, हन्सलेट ५. चारांतला जो सगळ्यांत आधी घरी आला होता, तोच सगळ्यांत आधी गेला.